पाचपैकी तीन

आमच्या गल्लीत पानगळ आधी ऐकू येते, मग दिसते. ऑक्टोबर लागला की एखाद्या शनिवारी सकाळी कुठूनतरी एक लीफ ब्लोअर घरघरायला लागतो, समोरच्या घरातून त्याला दुसरा साथ देतो, आणि बघता बघता अमेरिकेतल्या आमच्या या पार्सिपनी गावातली समस्त कर्ती पुरुषमंडळी आपल्या अंगणातली पानं शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडण्याच्या कामाला लागतात. त्यात आमचा श्रीही असतो. श्री म्हणजे श्रीकांत, माझा नवरा, रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर. "यार्ड सर्व्हिसवाल्यांना सांगू या ना," असं मी दर वर्षी म्हणते आणि "मग मी काय करू?" असं तो दर वर्षी विचारतो.

मी खिडकीशी कॉफी घेऊन बसते आणि समोरच्या मेपलकडे बघते. पूर्वी मी सरळ म्हणायचे, मेपल लाल झाला. आता तसं म्हणायची सोय राहिलेली नाही. शेंड्याचा लाल उन्हाच्या बाजूला केशरीकडे झुकतो, सावलीत जांभळ्याकडे, आणि खालच्या फांद्या अजून हिरव्या आहेत, पण तो हिरवा जूनमधला नव्हे, दमलेला. असं बघायची खोड मला एका युक्रेनियन माणसानं लावली. त्यालाही आता काही वर्षं झाली. पण दर ऑक्टोबरला ती एक पानगळ पुन्हा येते. क्रमानं येत नाही. एखाद्या सकाळी नुसता ताज्या तासलेल्या पेन्सिलीचा वास येतो आणि मी तिथेच अडकते.

पेत्रो सेमेनोविच हे आमचे चित्रकलेचे सर. खार्किव शहरातल्या एका कलाशाळेत त्यांनी उभं आयुष्य शिकवण्यात घालवलं. समोर जे आहे ते जसं आहे तसं रंगवायचं, या पंथाचे ते चित्रकार. युद्ध सुरू झालं, शाळेच्या खिडक्यांच्या काचा गेल्या, तेव्हा इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी त्यांची मुलगी ओक्साना त्यांना हट्टानं घेऊन आली. "दोन महिन्यांसाठी," असं सांगून ते आले होते. दोन महिने कधीच उलटून गेले होते. लेकीच्या बेसमेंटमध्ये बसून माणूस वाळायला लागला, म्हणून तिनं आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये शब्द टाकला, आणि तिथे शनिवारी सकाळी ज्येष्ठांसाठी चित्रकलेचा वर्ग निघाला. फ्लायरवर एक हसरी आजी आणि हातात ब्रश. 'निवांत व्हा, रंगात रमा' अशा अर्थाचं काहीतरी खाली लिहिलेलं.

पहिल्या दिवशी आम्ही ट्रॅक पँट आणि स्नीकर्स घालून गेलो, आणि हे गृहस्थ टाय लावून उभे. उंच, किंचित वाकलेले, करड्या भुवया डोळ्यांवर छपरासारख्या. त्यांनी एकेकाला नाव विचारलं. नुसत्या नावावर त्यांचं भागेना. वडिलांचं नाव काय? त्यांच्याकडे मोठ्या माणसाला नाव आणि वडिलांचं नाव जोडूनच हाक मारतात, नुसत्या नावानं मारणं म्हणजे पोरकटपणा. मी सांगितलं, दत्तात्रय. त्यांनी दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं आणि म्हणाले, "सुलभा दत्तात्रयिव्ना."

मी लग्न झाल्यापासून सुलभा श्रीकांत आहे. पासपोर्टवर, लायसन्सवर, मॉर्गेजच्या कागदांवर, सगळीकडे. सांगलीच्या शाळेच्या, मग कॉलेजच्या हजेरीनंतर माझ्या नावाला बाबांचं नाव कुणी लावलंच नव्हतं. ते युक्रेनियन शेपूट लावून का होईना, पण ऐकलं आणि मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. शेजारी बसलेले देशमुख मात्र खूश झाले नाहीत. देशमुख म्हणजे श्रीचे मित्र, नागपूरचे, केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. दिवसभर घरात सूचना करत फिरतात म्हणून बायकोनं त्यांना या वर्गात घातलं होतं. त्यांच्या वडिलांचं नाव पुंडलिक. "पुंडलिकोविच!" ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, हे काय जी, मी तर एकदम जनरलच वाटून राहिलो!"

वर्गात आणखी एक मराठी मुलगी होती, तन्वी. पुण्याची, आयटीतली, ज्येष्ठ अजिबात नव्हे, पण जागा रिकाम्या होत्या म्हणून तिला घेतलं होतं. बाकी पाच-सहा अमेरिकन आज्या. त्या दोन शनिवारांनंतर गळाल्या, कारण फ्लायरवरच्या ब्रशाचा पत्ता नव्हता. सरांनी टेबलावर पांढरा कपडा घातला होता, त्यावर एक अंडं, आणि हातात पेन्सिल.

आता मुद्द्याचं सांगते. त्या पहिल्या शनिवारी मी अंडं काढलं. ते बटाट्यासारखं झालं. सर मागे आले, बघितलं आणि म्हणाले, "व्हेरी नाइस." देशमुखांचं अंडं चपटं, त्याला "गुड जॉब". तन्वीनं अंड्याला डोळे काढले होते, त्यालाही "वंडरफुल". पुढच्या शनिवारी तेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षं मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. काचेच्या पट्टीवरच्या पेशी बघून माणसाला कॅन्सर आहे की नाही हे सांगायचं, हे माझं काम. तिथे कुणी व्हेरी नाइस म्हणत नाही. खरं ते खरं आणि खोटं ते खोटं.

शिवाय माझं एक जुनं दुखणं होतं. शाळेत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा ए ग्रेडमध्ये पास झाले होते. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी बाबांना घरी येऊन सांगितलं होतं, हिला मुंबईला आर्टला घाला. बाबा नाही म्हणाले नसते. पण इंटर सायन्सला मला मार्क फार चांगले पडले, हीच अडचण झाली. इतके मार्क पडलेल्या मुलीनं मेडिकलला जायचं नाही तर काय करायचं? मी गेले, आवडीनं शिकले, त्याबद्दल माझी कुणाशी तक्रार नाही. पण कुठल्याही गावात आर्ट स्कूलची इमारत दिसली की माझे पाय हळू व्हायचे. श्री म्हणायचा, "आत जाऊन बघायचंय का?" मी म्हणायचे, "नको रे, आपण काय तिथले." सगळ्या आयुष्यात मला एकदाच तिथलं व्हायचं होतं. रमायला नाही, शिकायला. कुणी खऱ्या मास्तरानं मला खरी विद्यार्थिनी म्हणून धरावं आणि झोडावं, एवढंच.

म्हणून तिसऱ्या शनिवारी वर्ग संपल्यावर मी थांबले. "सर, माझं अंडं चांगलं नाही," मी म्हटलं. "ते तुम्हालाही दिसतंय. मग व्हेरी नाइस का म्हणता?"

त्यांचं इंग्लिश तुटक होतं, पण माझ्या कानात ते सरळ मराठीतच उतरायचं. ते म्हणाले, "सेंटरच्या बाईंनी सांगितलं, इथे लोक आनंदासाठी येतात. चुका दाखवायच्या नाहीत. मी पाहुणा आहे. पाहुण्यानं यजमानाच्या घरात आवाज चढवू नये."

"खार्किवला काय म्हणाला असतात?"

त्यांनी माझं चित्र हातात घेतलं. मग टायची गाठ सैल केली. "खार्किवला," ते म्हणाले, "हे मी जमिनीवर ठेवलं असतं आणि विचारलं असतं, या अंड्यातून कधी पिल्लू निघेल का? हे मेलेलं आहे. तुम्ही समोरचं अंडं पाहिलंच नाही. तुम्हाला अंडं माहीत आहे, ते तुम्ही काढलंत. डॉक्टर आहात ना? डॉक्टर नाव आधी ठेवतात, बघतात नंतर."

अपमान झाला की माणूस चिडतो. मी गाडीत बसून हसत घरी आले. श्रीनं विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "आज मला सरांनी झापलं!"

पुढच्या शनिवारपासून ती निवांत सकाळ संपली आणि शाळा सुरू झाली. सरांनी फर्मान काढलं, प्रत्येकानं स्वयंपाकघरातली एक वस्तू आणा. तन्वीनं आयकियाचा मग आणला. देशमुखांनी चांदीचा करंडा आणला, लग्नातला, मिरवायला. मी माझा जुना ॲल्युमिनियमचा कुकर नेला, लग्नानंतर सुटकेसमध्ये साड्यांच्या मधोमध घालून आणलेला, एका बाजूला पोचा पडलेला. सरांनी तिन्ही वस्तू उचलून पाहिल्या. करंडा खाली ठेवला. कुकरवरून हात फिरवला, पोच्यावर अंगठा टेकवला, आणि म्हणाले, "हा." ती सगळी पानगळ आम्ही कुकर काढला.

दुसरं काही नाही, फक्त कुकर. उभं राहून काढायचा. बसलेला माणूस आळशी होतो. पेन्सिल शार्पनरनं नव्हे तर चाकूनं तासायची, लांब टोक काढून. हात सरळ ताणायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठ्यानं माप धरायचं: उंचीच्या किती पट रुंदी, झाकणाच्या किती खाली कान. आणि दर थोड्या वेळानं मागे सरकून लांबून बघायचं. हे मागे सरकणं सरांना फार प्रिय. आम्ही तिघं एकदम मागे सरकायचो आणि पाठीला पाठ आपटायची. "काकू, सॉरी सॉरी!" "अगं, माझ्या पायावर आहेस तू!" खिडकीबाहेर सेंटरच्या पार्किंग लॉटमधली झाडं दर आठवड्याला विरळ होत जायची, आत प्रकाश वाढायचा, आणि कुकरवरची चमक दर शनिवारी जरा जरा जागा बदलायची. ऊनच सरकलेलं असायचं. ते कळायला मला अर्धा सीझन लागला.

सर स्वतःबद्दल सांगायचे ते कुकरच्या अनुषंगानंच. पोल्तावाकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. वडील मधमाश्या पाळायचे. कागद नव्हता, म्हणून पेत्रोनं मधपेट्यांच्या झाकणांवर विटेच्या तुकड्यानं वडिलांचं तोंड काढलं. वडिलांनी ते पुसलं नाही. ती पेटी तशीच वापरली. मग तालुक्याची शाळा, शहरातली कलाशाळा, सक्तीची लष्करी नोकरी, पुन्हा शाळा, आणि मग त्याच शाळेत मास्तरकी. सोव्हिएत काळात सरकारी चित्रं काढावी लागत. एका सामूहिक शेताच्या प्रमुखाचं व्यक्तिचित्र काढायचं काम आलं. वरून सूचना होती: छाती रुंद, पदकं ठळक, नजर भविष्याकडे. सर तिथे राहिले. तो माणूस पहाटेपासून शेतावर असायचा, पोज द्यायला बसला की डुलक्या काढायचा. सरांनी तोच काढला: खांदे पडलेले, पापण्या जड, पदकं एका बाजूला कललेली. कचेरीनं चित्र नाकारलं. त्या माणसाची बायको आली, चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, हाच माझा नवरा, हा मला द्या. "माझं सगळ्यात चांगल्या घरात लागलेलं चित्र," सर म्हणाले. त्या वर्षी त्यांची बढती हुकली, हे त्यांनी सांगताना एकदाही आवाज खाली आणला नाही. उलट मान ताठ झाली.

एका शनिवारी देशमुखांनी इंटरनेटवर वाचून नवीन शोध आणला. पूर्वीचे चित्रकार कोळशाच्या रेषा पावाच्या मऊ गरानं पुसायचे म्हणे. ते पावाची स्लाइस घेऊन आले आणि तिची गोळी करून कागदावर घासायला लागले. सरांनी त्यांचा हात धरला. देशमुखांच्या हातातून त्यांनी ती गोळी घेतली, उरलेली स्लाइसही घेतली, आणि उभ्या उभ्या खाऊन टाकली, त्या काळ्या डागासकट. मग म्हणाले, "माझी आई लहान होती तेव्हा सरकारनं त्यांच्या गावातलं सगळं धान्य उचलून नेलं होतं. तिचे दोन भाऊ उपासमारीत गेले. आमच्या घरात पाव जमिनीवर पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायचो. माझ्या शिक्षकांनी पावानं पुसायला शिकवलं होतं. मी कधी पुसलं नाही, कुणाला शिकवलंही नाही."

देशमुखांनी हात पुसले. त्यांनी आपल्या पद्धतीनं हात जोडले आणि म्हणाले, "आमची आई पण ताटात अन्न टाकू देत नसे, सर." पुढच्या वेळी ते बायकोला सांगून तिळगुळाचे लाडू करून घेऊन आले. ऑक्टोबरात तिळगुळ! पण सरांना काय त्याचं, त्यांनी दोन खाल्ले.

सरांच्या फोनवर एक ॲप होतं. खार्किववर हल्ल्याचा इशारा झाला की ते इथे भोंगा वाजवायचं. आमची सकाळ, त्यांच्याकडची संध्याकाळ. मध्येच तो भोंगा वाजला की आम्ही पहिल्या पहिल्यांदा दचकायचो. सर पेन्सिल खाली ठेवायचे, खिडकीशी जायचे, एक मेसेज टाकायचे आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. मेसेज लारिसाला. लारिसा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिक्षिका. उत्तर आलं की ते वळायचे आणि म्हणायचे, "झाकणाची कडा बघा, सुलभा दत्तात्रयिव्ना. ती रेषा नाही, तिथे दोन प्रकाश भेटतात." तन्वीनं एकदा न राहवून विचारलं, "सर, यू कॅन म्यूट इट ना?" त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती मान खाली घालून पेन्सिल तासायला लागली. घरी परतताना गाडीत ती मला म्हणाली, "काकू, माझी आई पुण्यात एकटी आहे. मी तर तिचे फोनही कधी कधी म्यूट करते यार." त्या रात्री तिनं आईला फोन केला असावा, कारण पुढच्या शनिवारी ती आईची एक चिवड्याची रेसिपी घेऊन आली.

नोव्हेंबर अर्धा उलटला तेव्हा सरांनी जाहीर केलं की आता 'पेरेह्ल्याद' होईल. त्यांच्या शाळेत सत्राच्या शेवटी असतो तो. म्हणजे काय, तर विद्यार्थ्यांनी सत्रभरात केलेलं सगळं काम भिंतीवर आणि जमिनीवर मांडायचं आणि बाहेर जायचं. शिक्षक आत येणार, दार बंद करून सगळं नजरेखालून घालणार, आपसात भांडणार आणि मार्क देणार. पाचपैकी. "इथे आजवर घेतला नाही," ते म्हणाले. "इथे माझ्याकडे पाहुणे यायचे, विद्यार्थी नव्हते." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला हवा असेल तर घेईन. पण मग खरा घेईन."

हवा असेल तर! मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

आणि आम्ही काय करावं? आम्ही तिघंही महाराष्ट्रातल्या शाळांमधून पहिले-दुसरे नंबर काढून आलेली माणसं. आम्हाला कच्ची वही आणि पक्की वही यातला फरक बाळकडूत मिळालेला. कच्च्यात खाडाखोड करायची आणि मास्तरांपुढे ठेवायची ती पक्की, कव्हर घालून. प्रॅक्टिकलची जर्नलं आठवा. तसंच केलं आम्ही. तन्वीनं तिचा सगळ्यात बरा कुकर माउंट करून आणला. देशमुखांनी तर कमालच केली. ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात जिथे देवांच्या तसबिरी मढवून मिळतात तिथून कुकरला सोनेरी फ्रेम करून आणली. दुरून बघितलं तर नमस्कारच करावासा वाटे. मीही माझं शेवटचं चित्र घेतलं, स्वच्छ कागदावर पुन्हा उतरवलेलं. तीन माणसं, तीन कुकर, मोठ्या हॉलच्या भिंतीवर.

सर आले. भिंतीकडे पाहिलं. जमिनीकडे पाहिलं.

"बाकीचं कुठे आहे?"

"सर, धिस इज द बेस्ट वन," तन्वी म्हणाली.

"बेस्ट मी मागितलं नव्हतं. वाईट कुठे आहे? पहिलं कुठे आहे? वाकडं कुठे आहे?" आवाज चढला. आता ते पाहुणे राहिले नव्हते. "तुम्ही मला शेवटचं पान दाखवता आणि म्हणता पुस्तक वाचा? तुम्ही शिकलात की नाही हे मला एका चित्रावरून कसं कळणार? कदाचित नशीब असेल! पेरेह्ल्याद नाही. घरी जा."

देशमुखांचे कच्चे कुकर रिसायकलिंगच्या गाडीतून कधीच गेले होते. तन्वीचे गाडीच्या ट्रंकमध्ये चुरगळलेले होते. माझे कुठे आहेत हेच मला आठवेना. मी श्रीला फोन लावला.

"ते मोठे कागद ना?" तो म्हणाला. "गॅरेजमध्ये आहेत. मी त्यावर मिरच्या वाळत घातल्यात."

"श्री!"

"अगं, तूच म्हणालीस टाकायचेत म्हणून. चांगले जाड आहेत, ओल धरत नाहीत."

पुढच्या शनिवारी पुन्हा मांडामांड झाली. देशमुख फ्रेम न घेता आले, आठवडाभर घरी बसून जे काही काढलं होतं ते घेऊन, आणि सरांना स्पष्ट सांगितलं की बाकीचं मी फेकलं. तन्वीनं चुरगळलेले कागद इस्त्री करून आणले. माझे कागद मिरचीच्या बियांसकट आले. मी ते जमिनीवर ओळीनं मांडले, पहिल्या बटाट्यासारख्या अंड्यापासून शेवटच्या कुकरपर्यंत. एवढी लांब ओळ होईल असं मला वाटलंच नव्हतं. तिच्या एका टोकाला उभी राहिले तर दुसऱ्या टोकाची बाई मला ओळखू आली नसती.

सरांनी आम्हाला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आम्ही कॉरिडॉरमध्ये. शेजारच्या खोलीत झुंबा चाललेला. श्री मला घ्यायला लवकर आला होता, तो बाकावर पेपर वाचत बसला. देशमुख येरझाऱ्या घालत होते. "वहिनी, मॅट्रिकलाही असा घाबरलो नव्हतो बाप्पा. या वयात!"

आणि मग आतून भांडणाचा आवाज आला. सर एकटे आत गेले होते. आम्ही कान लावले. सरांचा आवाज, मग एका बाईचा, मग आणखी एका पुरुषाचा, फोनमधून येणारे, तावातावानं. एक शब्द कळत नव्हता, पण सूर मला ओळखीचा होता. हॉस्पिटलात एखाद्या अवघड स्लाइडवर आम्ही चार डॉक्टर असेच भांडायचो. ओक्साना तेव्हा वडिलांना न्यायला आली होती. तिनं दाराशी उभं राहून ऐकलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"लारिसा आहे," ती म्हणाली. "आणि तिच्याबरोबर शिकवणारा आणखी एक जण. बाबा फोन जमिनीवरून फिरवतायत. एकट्यानं मार्क द्यायचे नसतात, समिती लागते म्हणे." मग ती पुन्हा ऐकू लागली. "तिकडे इशारा झालाय. ते दोघं शाळेच्या कॉरिडॉरमध्ये उभे आहेत, खिडक्यांपासून लांब. बाबा म्हणतायत नंतर करू. लारिसा म्हणतेय, नाही, मला त्या मिरचीवाल्या ओळीचं तिसरं चित्र पुन्हा दाखवा."

झुंबाचं गाणं थांबलं होतं. देशमुखांनी येरझाऱ्या थांबवल्या. तन्वीनं माझा हात धरला. तिकडे अंधारात, बॉम्ब पडायची भीती असताना, दोन मास्तर भिंतीला टेकून माझा कुकर सरळ आहे की वाकडा यावर भांडत होते. मला आयुष्यात पुष्कळ मान मिळाले, मेडलं मिळाली. पण त्या क्षणाएवढी मोठी मी कधीच झाले नव्हते.

दार उघडलं. सरांचा टाय वाकडा झाला होता, गाल लाल. त्यांनी उभ्यानंच मार्क सांगितले. तन्वीला तीन. देशमुखांना दोन. दोन म्हणजे नापास, पुन्हा बसायचं. "पुन्हा बसीन," देशमुख ताठ मानेनं म्हणाले. "सुलभा दत्तात्रयिव्ना. तीन. सावल्या अजून घाणेरड्या आहेत."

"थँक यू, सर," मी म्हटलं. तीन म्हणजे बरं. तीन म्हणजे खरं.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. ते जरा रागावलेले दिसत होते. "आमच्या शाळेत एक संग्रह असतो. विद्यार्थ्यांचं काम शाळा ठेवून घेते, पुढच्यांना शिकवायला. सगळ्यांचं नाही. लारिसा म्हणते, तुमची ओळ ठेवायची. सगळी, अंड्यापासून. तिला पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायचीय, शिकणं कसं दिसतं ते. मी म्हटलं, तीन मार्कांचं काम संग्रहात जात नाही. मी विरोधात मत दिलं." त्यांनी हात पसरले. "मी हरलो. दोन विरुद्ध एक."

"पण सर, खार्किवला ते न्यायचं कसं?"

"आत्ता नाही. ओक्सानाकडे राहील. शाळेचं म्हणून राहील. रस्ता उघडला की जाईल." मग जरा थांबून म्हणाले, "परत मिळत नाही, हे लक्षात ठेवा. शाळा विचारत नाही. घेते."

त्यांनी गुडघे टेकले आणि एकेक कागद उचलायला लागले. मिरचीच्या बिया झटकायला मी पुढे झाले तर मला हातानं थांबवलं. ते आता माझं काम नव्हतं.

गाडीत बसले आणि माझा बांध फुटला. सीटबेल्टही लावता येईना. श्रीनं इंजिन बंद केलं, माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पुन्हा घातला. असल्या वेळी त्याला काय करावं ते कळत नाही.

"अगं, तीन तर तीन," तो म्हणाला. "पास झालीस ना? नापास झाल्यासारखी काय रडतेस?"

"अरे, मार्कांचं नाही," मी म्हटलं. "मला ॲडमिशन मिळाली."